पांढरी झालेली बाजू: मेसोथेलिओमाच्या संशयात छातीचा एक्स-रे किती सांगतो

विचारलेलं थोडक्यात असं. वडील ६८ वर्षांचे. तरुणपणी काही वर्षं जहाजदुरुस्तीच्या गोदीत बॉयलर आणि वाफेच्या पाइपांवर लॅगिंग करायचं, म्हणजे उष्णता टिकवायला अ‍ॅस्बेस्टॉसचं आवरण चढवायचं काम केलेलं. दोन महिन्यांपासून दम लागतो, उजव्या कुशीत बोथट दुखतं. छातीच्या एक्स-रेचा रिपोर्ट: उजव्या बाजूला प्लुरल इफ्यूजन (फुफ्फुसाभोवती साचलेलं पाणी), प्लुरा (फुफ्फुसाभोवतीचं अस्तर) जाड, दोन्ही बाजूंना कॅल्सिफाइड प्लाक (कॅल्शियम साचलेले चट्टे), मेसोथेलिओमाची, म्हणजे याच अस्तराच्या कॅन्सरची, शक्यता तपासावी. यावर तीन प्रश्न: एक्स-रेवरून हा कॅन्सर ठरतो का, चार वर्षांपूर्वीचा एक्स-रे नॉर्मल कसा होता, आणि घरातल्या बाकीच्यांनी दरवर्षी एक्स-रे काढावा का.

पहिल्याचं उत्तर आधी देतो, नाहीतर बाकीचं वाचताना लक्ष लागणार नाही. नाही, ठरत नाही. एक्स-रेवरून मेसोथेलिओमाचं निदान कुणीच करू शकत नाही, कितीही अनुभवी रेडिऑलॉजिस्ट असला तरी. पण रिपोर्टमधलं शेवटचं वाक्य उगाच लिहिलेलं नाही. वय, काम, एकाच बाजूचं पाणी आणि प्लाक हे सगळं एकत्र असताना ते लिहिलं नसतं तर मी रिपोर्टला नावं ठेवली असती. म्हणून ‘बघू महिनाभर औषध घेऊन’ असं करू नका.

निदान का होत नाही, याचं कारण एक्स-रेच्या स्वभावातच आहे. एक्स-रेला हवा, चरबी, पाणी आणि कॅल्शियम एवढेच ठळक भेद कळतात. हवा काळी दिसते, हाड पांढरं. पण पाणी, रक्त, पू, स्नायू आणि ट्यूमर या सगळ्यांची घनता जवळपास सारखी, त्यामुळे फिल्मवर त्यांची छटाही एकच. प्लुरा म्हणजे फुफ्फुसाभोवतीचं आणि बरगड्यांच्या आतल्या बाजूचं दुहेरी अस्तर. निरोगी माणसात ते इतकं पातळ असतं की फिल्मवर जवळजवळ दिसतच नाही. त्या दोन थरांमध्ये पाणी साचलं, की दिसतो तो फक्त पांढरा भाग. त्या पांढऱ्यात निव्वळ पाणी आहे की पाण्यामागे ट्यूमरही आहे, हे सांगायला एक्स-रेकडे साधनच नाही.

पाणीसुद्धा थोडं असेल तर चुकतं. उभं राहून समोरून काढलेल्या फिल्मवर छातीचा खालचा बाहेरचा कोपरा बोथट दिसायला साधारण २०० मिलिलिटर पाणी लागतं. बाजूने काढलेल्या फिल्मवर मागचा कोपरा ५० मिलिलिटरच्या आसपासच भरलेला दिसू लागतो. सोनोग्राफीत त्याहूनही कमी पकडता येतं. झोपवून, पोर्टेबल मशीनवर काढलेल्या फिल्मचं तर विचारूच नका. पाणी पाठीमागे पसरतं, सगळी बाजू जरा धुरकट दिसते, कोपरे शाबूत दिसू शकतात, आणि ‘फारसं काही नाही’ असा शेरा पडतो. त्यामुळे वडिलांचा एक्स-रे उभं राहून आणि पूर्ण श्वास आत घेऊन काढलेला आहे का, एवढं नक्की विचारून घ्या.

आता दुसरा प्रश्न. चार वर्षांपूर्वीची फिल्म नॉर्मल होती, म्हणजे तेव्हा कुणाच्या नजरेतून सुटलं असं लगेच समजू नका. अ‍ॅस्बेस्टॉसशी संपर्क आल्यापासून हा आजार उघड व्हायला बहुधा २० ते ५० वर्षं जातात, आणि त्यातला बहुतेक काळ दिसण्यासारखं काहीच नसतं. सुरुवात होते ती बाहेरच्या, म्हणजे बरगड्यांच्या बाजूच्या थरावर, अगदी बारीक पुळ्यांनी. मिलिमीटरभर आकाराची पुळी एक्स-रेवर दिसत नाही, सीटीवरही सहसा दिसत नाही. ती दिसते थोरॅकोस्कोपीत, दुर्बीण थेट छातीत घातल्यावर. या पुळ्या पाणी सोडू लागतात आणि रुग्णाला दम लागतो. म्हणून बहुतेकांच्या पहिल्या एक्स-रेत एका बाजूचं पाणी हीच मुख्य खूण असते, आणि ती बाजू उजवी असण्याचं प्रमाण थोडं जास्त. दोन्ही बाजूंना एकदम पाणी हे मेसोथेलिओमात विरळा. तिथे आधी हृदय, मूत्रपिंड आणि यकृत यांच्याकडे बघतात.

पुढे आजार वाढतो त्याची तऱ्हा वेगळी आहे, आणि एक्स-रेवर जे काही थोडंफार वेगळं दिसतं ते या तऱ्हेमुळे. फुफ्फुसाच्या बहुतेक कॅन्सरांत एका जागी गाठ होते. इथे संत्र्याभोवती साल असावी तसा ट्यूमर फुफ्फुसाला चहूबाजूंनी वेढत जातो, आणि दोन खंडांमधल्या फटीतही शिरतो. या वेढ्याला लवचिकता नसते. आत अडकलेलं फुफ्फुस फुगत नाही, आणि ती अख्खी बाजू हळूहळू आकसते.

या मुद्द्यावर जरा थांबतो, कारण फिल्म हातात घेतल्यावर मी सगळ्यात आधी हेच बघतो. समजा, एका बाजूला दोन-तीन लिटर साधं पाणी साचलंय. ती बाजू पांढरी होणारच. पण इतक्या पाण्याचा दाब असतो, त्यामुळे श्वासनलिका आणि हृदय दुसऱ्या बाजूला ढकललं जातं, बरगड्यांमधली अंतरं फाकतात, श्वासपटल खाली दबतं. आता दुसरी फिल्म घ्या. बाजू तितकीच पांढरी, पण श्वासनलिका मधोमध, किंवा चक्क पांढऱ्या बाजूकडेच ओढलेली. बरगड्या मोजत खाली आलो तर त्या बाजूची अंतरं दुसऱ्या बाजूपेक्षा अरुंद, श्वासपटलाचा जेवढा भाग दिसतोय तो वर चढलेला. इतकं पांढरं असूनही ढकलाढकल नाही म्हणजे आत नुसतं पाणी नाही. काहीतरी त्या बाजूला जखडून ठेवतंय. फुफ्फुसाच्या बाहेरच्या कडेने वरपर्यंत गेलेली लाटालाटांची, ओबडधोबड कड दिसली, आणि आडवी फट जाड झालेली दिसली, तर संशय आणखी पक्का होतो. क्वचित बरगडीचं हाड खाल्लेलं दिसतं, पण ते बऱ्याच पुढच्या टप्प्यावर.

यात एक अट आहे. फिल्म काढताना माणूस किंचित वळलेला असेल तर श्वासनलिका सरकल्याचा भास होतो. म्हणून आधी दोन्ही कॉलर बोनची आतली टोकं मणक्याच्या मधल्या रेषेपासून सारख्या अंतरावर आहेत का, ते बघायचं आणि मगच श्वासनलिकेबद्दल बोलायचं. शिकाऊ डॉक्टर नेमकी ही पायरी गाळतात.

आणि ही खूणही फक्त मेसोथेलिओमाची नाही. फुफ्फुसाच्या कॅन्सरने मुख्य श्वासवाहिनी बंद केली तर फुफ्फुस बसतं, बाहेर पाणी असतं, आणि ओढ व ढकल एकमेकांना फेडतात. फिल्म हुबेहूब तशीच. जुना क्षय किंवा पू होऊन गेल्यावर प्लुरा जाड व कडक होते, बाजू आकसते. फुफ्फुसाचा किंवा स्तनाचा कॅन्सर प्लुरावर पसरला तर तोही असाच वेढा घालू शकतो. अ‍ॅस्बेस्टॉसमुळेच कॅन्सर नसलेलं पाणीही होतं, आणि ते संपर्कानंतर तुलनेने लवकर, पहिल्या १०-२० वर्षांत होऊ शकतं. त्यातून पुढे प्लुरा सरसकट जाड होऊन कोपरा कायमचा बुजतो. एक्स-रेवर हे सगळे एकमेकांचे सख्खे भाऊ.

तुमच्या रिपोर्टमधल्या प्लाकबद्दल घरात सर्वात जास्त घबराट झालेली दिसते, आणि खरं तर त्यातला सर्वात निरुपद्रवी शब्द तोच आहे. प्लाक म्हणजे बाहेरच्या थरावर जागोजागी झालेले घट्ट, तंतुमय चट्टे. बरेचदा त्यांत कॅल्शियम साचतं, मग ते वेड्यावाकड्या कडांचे पांढरे ठिपके म्हणून उठून दिसतात. त्यांच्या ठरलेल्या जागा आहेत: छातीच्या मागच्या-बाहेरच्या भिंतीवर साधारण सहाव्या ते नवव्या बरगडीच्या पट्ट्यात, आणि श्वासपटलाच्या घुमटावर. फुफ्फुसाचं टोक आणि खालचे कोपरे ते सहसा सोडून देतात. दोन्ही बाजूंना, श्वासपटलावर, कॅल्शियमसह असे चट्टे दिसले की या माणसाचा अ‍ॅस्बेस्टॉसशी संबंध आला होता, असं जवळजवळ छातीठोकपणे म्हणता येतं. पण प्लाकचा कॅन्सर होत नाही. तो संपर्काचा पुरावा आहे, आजाराची पहिली पायरी नव्हे. उलट बाजूही लक्षात ठेवा: मेसोथेलिओमाच्या कित्येक रुग्णांच्या एक्स-रेत प्लाक दिसतच नाहीत. तेव्हा ‘प्लाक नाहीत, म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉसचा प्रश्न नाही’ हे गणित चुकीचं. आणि जाड माणसात बरगड्यांच्या आतल्या बाजूची चरबी दोन्हीकडे सारखीच दिसते. तिला प्लाक म्हणून खपवलेले रिपोर्ट मी बरेच वाचलेत. सीटीवर चरबी लगेच ओळखू येते.

इथे थोडी तक्रार करतो. एक्स-रेसाठी येणाऱ्या चिठ्ठीवर बहुतेक वेळा ‘दम लागतो’ एवढंच लिहिलेलं असतं. माणूस आता निवृत्त आहे, म्हणून व्यवसायाचा रकाना रिकामा. वास्तविक इथे विचारायचं असतं ते ४० वर्षांपूर्वीचं काम. लॅगिंग, जहाजबांधणी, वीज केंद्र, सिमेंटचे पत्रे कापणं, ब्रेक लायनिंग, जुन्या इमारती पाडणं. दक्षिण आफ्रिकेत वॅग्नर, स्लेग्ज आणि मर्चंड यांनी १९६० मध्ये निळ्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या खाणपट्ट्यातले मेसोथेलिओमाचे रुग्ण नोंदवले, तेव्हा त्यांतले सगळे खाणकामगार नव्हते. काही जण नुसते त्या परिसरात राहिलेले होते. १९६५ मध्ये लंडनमधल्या न्यूहाउस आणि थॉम्पसन यांच्या अभ्यासात कामगारांच्या घरातली माणसंही सापडली, कपड्यांवरून घरी आलेल्या धुळीची. तुर्कस्तानातल्या कप्पाडोसिया भागात तर अ‍ॅस्बेस्टॉस नव्हे, एरिओनाइट नावाचं तंतुमय खनिज गावच्या गावं ग्रासून गेलं. त्यामुळे पुढच्या प्रत्येक चिठ्ठीवर, सीटी असो वा बायोप्सी, वडिलांचं ते काम आणि त्याची साधारण वर्षं ठळक लिहून घ्या. त्या एका ओळीने वाचणाऱ्याची नजर बदलते. शिवाय अनेक देशांत व्यावसायिक आजाराच्या भरपाईसाठी हीच नोंद पुढे कामाला येते.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते सांगतो. पुढची पायरी कॉन्ट्रास्ट (शिरेतून दिलेलं, चित्र उजळवणारं औषध) देऊन केलेला छातीचा सीटी, आणि तोही प्लुरा नीट उजळेल अशा बेताने, कॉन्ट्रास्ट दिल्यावर जरा उशिरा स्कॅन घेऊन. शक्य असेल तर सगळं पाणी काढून टाकण्याआधी सीटी करून घ्यावा. पाण्याच्या पार्श्वभूमीवर प्लुराचा जाडपणा स्पष्ट कळतो, आणि नंतर थोरॅकोस्कोपी करायची असली तर आत शिरायलाही ते पाणी उपयोगी पडतं. अर्थात वडिलांना बसल्या जागी दम लागत असेल तर आधी पाणी काढायचं. चित्रासाठी माणसाला धापा टाकत ठेवायचं नसतं.

सीटीवर काय शोधायचं, याची चार लक्षणं ल्युंग आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये मांडली, ती आजही वापरात आहेत: प्लुराचा जाडपणा फुफ्फुसाला पूर्ण वेढणारा असणं, तो गाठीगाठींचा असणं, बाहेरच्या थराची जाडी १ सेंटिमीटरहून जास्त असणं, आणि हृदयाकडच्या बाजूची प्लुराही त्यात सापडलेली असणं. ही असली तर कर्करोगाची शक्यता बरीच वाढते. मात्र ही नसली म्हणून तो नाही असं होत नाही, कारण यातलं प्रत्येक लक्षण अर्ध्याअधिक रुग्णांत सापडेलच अशी खात्री नाही. आणि असली तरी तो मेसोथेलिओमा की दुसरीकडून पसरलेला कॅन्सर, हे सीटीही सांगत नाही.

ते सांगतो तुकडा. काढलेल्या पाण्यातल्या पेशींची तपासणी जरूर करावी, पण मेसोथेलिओमात ती अनेकदा निर्णायक ठरत नाही. ‘कॅन्सरच्या पेशी नाहीत’ हा रिपोर्ट आला म्हणून पेढे वाटू नका. आणखी एक फसवी जागा. पाण्यात लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) जास्त, एडीए (क्षयात वाढणारं एक एन्झाइम) थोडा वाढलेला, म्हणून क्षयाची औषधं सुरू होतात. तरुण माणसात, क्षयाची शक्यता मुळातच मोठी असताना, हे बरोबरही असतं. पण लिम्फोसाइट मेसोथेलिओमाच्या पाण्यातही जास्त असतात, आणि एडीए लिम्फोमात (लसिका पेशींच्या कॅन्सरमध्ये), पुवात, कधी मेसोथेलिओमातही वाढलेला मिळतो. साठीपुढचा माणूस, अ‍ॅस्बेस्टॉसचा इतिहास, काढलं तरी पुन्हा भरणारं पाणी: इथे प्लुराच्या तुकड्याशिवाय क्षयावर शिक्का मारू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. थोरॅकोस्कोपीतून डोळ्यांनी बघून घेतलेल्या तुकड्यांतून ९० टक्क्यांहून जास्त वेळा निदान होतं. सीटी किंवा सोनोग्राफीच्या मदतीने जाड भागातून सुईने घेतलेला तुकडाही चांगला. त्यावर पॅथॉलॉजिस्ट कॅलरेटिनिन, डब्ल्यूटी-१ यांसारखे मार्कर लावून मेसोथेलिओमा आणि पसरलेला अ‍ॅडिनोकार्सिनोमा (ग्रंथींच्या पेशींपासून होणारा कॅन्सर) वेगळे करतात. बीएपी-१ हे पेशींमधलं प्रथिन हरवलेलं दिसलं तर साधी सूज नव्हे हे कळायला मदत होते. एपिथेलिऑइड, सार्कोमॅटॉइड की मिश्र, हा प्रकारही तिथेच कळतो आणि उपचार त्यावर अवलंबून असतात.

मग या सगळ्यात एक्स-रे परत कुठे येतो? पाणी काढल्यानंतर. पहिल्या फिल्मपेक्षा ही दुसरी फिल्म मला जास्त बोलकी वाटते, आणि लोक तिच्याकडे कमी लक्ष देतात. पाणी गेल्यावर फुफ्फुस फुगून भिंतीला टेकलं का, ते बघायचं. टेकलं नाही आणि त्या जागी काळी हवा दिसली, तर लगेच ‘सुई लागून फुफ्फुस फाटलं’ असा निष्कर्ष काढू नये. वेढ्यात अडकलेलं फुफ्फुस फुगूच शकत नाही आणि ती पोकळी हवेने भरते. हे कळणं महत्त्वाचं, कारण फुफ्फुस फुगत नसेल तर टाल्क नावाची पूड टाकून दोन थर चिकटवण्याचा उपाय बहुधा फसतो. तिथे घरी राहून पाणी काढता येईल अशी कायमची नळी बरी पडते. पाण्याखाली लपलेली ओबडधोबड कडही याच फिल्मवर उघडी पडते. उपचार सुरू झाल्यावर पाणी परत भरतंय का आणि नळी जागेवर आहे का, हे बघायला एक्स-रे पुरतो. ट्यूमर कमी झाला की वाढला, हे मोजायला मात्र सीटीच लागतो. वेढ्याची जाडी ठरलेल्या ठिकाणी छातीच्या भिंतीला काटकोनात मोजतात. एक्स-रेवर ‘पांढरं कमी दिसतंय’ हे पाणी कमी झाल्यामुळेही असू शकतं, त्यावरून केमोथेरपी लागू पडली असं समजू नका. टाल्क टाकलेलं असेल तर पेट स्कॅनलाही (कॅन्सरच्या जागा उजळ दाखवणारी तपासणी) हे आधी सांगा, कारण टाल्कमुळे आलेली सूज वर्षानुवर्षं पेटवर उजळ दिसू शकते.

फिल्मचा फोनवर काढलेला फोटो पाठवू का, असंही विचारलंय. नको. खिडकीच्या उजेडात धरलेल्या फिल्मच्या फोटोत नेमके कोपरे आणि कडा जातात, आणि इथे सगळा प्रश्न कोपऱ्यांचा आणि कडांचाच आहे. सेंटरकडून मूळ डायकॉम फाइल, म्हणजे मशीनमधली पूर्ण दर्जाची डिजिटल प्रतिमा, मागून घ्या. आणि चार वर्षांपूर्वीची ती फिल्म शोधून काढा, रिपोर्ट नव्हे, फिल्मच. तेव्हाचे प्लाक आत्ता आहेत तसेच असतील तर ते जुने चट्टे. एखाद्या ठिकाणी कड नव्याने फुगली असेल तर बायोप्सी कुठून घ्यायची, याचा अंदाज तिथूनच येतो.

तिसरा प्रश्न, घरच्यांचा. दरवर्षी एक्स-रे काढून मेसोथेलिओमा लवकर सापडतो आणि त्यामुळे माणसं जास्त जगतात, असं दाखवता आलेलं नाही, सीटीनेही नाही. किरणांची भीती हे त्याचं कारण नव्हे. समोरून काढलेल्या एका एक्स-रेचा डोस सुमारे ०.०२ मिलिसीव्हर्ट, म्हणजे निसर्गातून आपल्याला दोन-तीन दिवसांत मिळतो तेवढा. अडचण ही, की एक्स-रेवर दिसेपर्यंत आजार पुढे गेलेला असतो, आणि त्याआधीची नॉर्मल फिल्म खोटा दिलासा देते. पुढे तीन महिन्यांनी दम लागला तरी ‘आत्ताच तर काढला होता’ म्हणून माणूस घरी बसतो. धुळीच्या कामावर असलेल्यांच्या ठरावीक मुदतीने होणाऱ्या तपासण्या वेगळ्या. त्या आयएलओच्या (आंतरराष्ट्रीय कामगार संघटना) वर्गीकरणानुसार फुफ्फुसातल्या धुळीच्या आजारासाठी असतात.

वडिलांबरोबर ज्यांनी तेच काम केलं, त्यांच्यापैकी कुणाला नव्याने दम लागला, एका बाजूला दुखणं तीन आठवड्यांहून जास्त टिकलं किंवा वजन उतरू लागलं, तर त्यांनी लगेच एक्स-रे काढावा आणि कामाचा इतिहास सांगावा. त्यांच्यातलं कुणी सिगारेट ओढत असेल तर ती आजच सोडावी: मेसोथेलिओमा सिगारेटमुळे होत नाही, पण अ‍ॅस्बेस्टॉस आणि सिगारेट एकत्र आले की फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका कैक पटींनी वाढतो. अशांनी वय आणि धूम्रपान बघून कमी डोसच्या सीटीबद्दल डॉक्टरांना विचारायला हरकत नाही, तो फुफ्फुसाच्या कॅन्सरसाठी. तुम्ही लिहिलंय की वडिलांचे कामाचे कपडे आई घरी झटकून धुवायच्या. त्यांना आज काही त्रास नसेल तर एक्स-रेची गरज नाही. पण ही गोष्ट त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना सांगून केसपेपरवर लिहून घ्या.